मतदार यादी आणि निवडणुकीचा पैसा: बारा जणांच्या गटानं काम कुठून धरावं?

प्रश्न थोडक्यात असा: बारा-पंधरा जणांचा गट आहे, कुठल्याच पक्षाचा नाही, सगळे एकाच विधानसभा मतदारसंघात राहतात. याद्यांतला घोळ आणि निवडणुकीत ओतला जाणारा पैसा, दोन्हींवर काहीतरी ठोस करायचं आहे. सह्यांची मोहीम घ्यावी, मोर्चा काढावा, की न्यायालयात जावं?

हे तिन्ही मार्ग खुले आहेत, पण नंतर. आधी कागद हातात घ्या. आपल्याकडे या विषयात जे काही पुढे सरकलं ते मतदाराचा माहितीचा हक्क धरून सरकलं. १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) ही संस्था काढली आणि उमेदवारांची पार्श्वभूमी मतदारांना कळावी म्हणून याचिका केली. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क मान्य केला. संसदेनं कायदा करून तो आक्रसायचा प्रयत्न केला, तेव्हा १३ मार्च २००३ ला ते कलमही रद्द झालं. उमेदवाराचं शपथपत्र आज घरबसल्या वाचता येतं ते त्यामुळे. १५ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक रोखे रद्द झाले तेही याच हक्कावर. मात्र असे निकाल लागल्यानंतर ते कागद गावात, प्रभागात बसून वाचणारी माणसं लागतात आणि तीच कमी आहेत. तुमच्या गटाची गरज तिथे आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. हे काम निवडणुकीच्या धामधुमीत सुरू करायचं नसतं. यादीचं काम निवडणूक दूर असताना, कुणालाच त्यात रस नसताना करायचं. खर्चाचं काम प्रचारात सुरू होतं, पण त्याचा कस लागतो तो निकालानंतरच्या तीस दिवसांत, म्हणजे गुलाल उतरल्यावर. गट मोडतात ते नेमके याच दोन काळात.

आधी यादी. सगळा मतदारसंघ अंगावर घेऊ नका. तीन-चार यादी भाग, म्हणजे एकेका मतदान केंद्राच्या याद्या, निवडा. एका भागात साधारण हजार-बाराशे नावं असतात आणि छापील पानावर तीस, म्हणजे एका भागाची पस्तीस-चाळीस पानं होतात. एक जुना भाग, एक नव्या वस्तीचा आणि एक असा, जिथून लोक कामासाठी बाहेर जातात, असे निवडले की सगळ्या प्रकारचे दोष दिसतात. यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ती चित्राच्या स्वरूपात असते, संगणकावर शोध घेता येत नाही. ते बरंच आहे म्हणायचं, कारण कागद हातात घेऊन दारोदार जाण्याला पर्याय राहत नाही. छापताना शेवटच्या पुरवणी याद्या विसरू नका. मूळ यादीत छापलेलं नाव पुरवणीत वगळलेलं असू शकतं आणि नवी नावंही तिथेच असतात. पुरवणी न पाहता केलेली पडताळणी सरळ फुकट जाते.

प्रत्येक भागाला दोन जोड्या द्या. जोडीत शक्यतो एक बाई असावी, दुपारच्या वेळी घरात बायकाच असतात आणि सुनांची, लेकींची खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळते. एका संध्याकाळी तीन तासांत चाळीस-पन्नास घरं नीट होतात. याहून जास्त होत असतील तर जोडी दारातूनच परत फिरते आहे असं समजा. प्रत्येक नावापुढे एकच खूण करा: हजर, मयत, कायमचा गेलेला, तात्पुरता बाहेर, दुबार, सापडला नाही. वेगळ्या वहीत, घरात राहतात पण यादीत नाहीत अशांची नावं, आणि १८ वर्षं कधी पूर्ण होणार ती तारीख. पूर्वी वर्षातून १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती, म्हणजे त्या दिवशी १८ पूर्ण असतील तरच नाव नोंदवता यायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत, त्यामुळे बारावीच्या मुलांची यादी एकदा केली की वर्षभर पुरते.

‘तात्पुरता बाहेर’ आणि ‘कायमचा गेलेला’ या दोन खुणांतला फरक हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. बीडच्या एखाद्या गावात दिवाळीनंतर गेलात तर गल्लीच्या गल्ली कुलूपबंद दिसेल. माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतात. पडताळणी त्याच महिन्यांत झाली तर शेरा पडतो ‘स्थलांतरित’, आणि परतल्यावर त्यांना कळतं की नाव उडालं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २० मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की तात्पुरती गैरहजेरी असली तरी माणूस त्या जागेचा सामान्य रहिवासी राहतोच. म्हणून कुलपाला पाहून खूण करायची नाही. शेजारच्या दोन घरांना विचारायचं, मुकादमाचा किंवा नातेवाइकाचा फोन घ्यायचा आणि वहीत लिहायचं: ‘तोडीला, परत अमुक महिन्यात, सांगणार अमुक’. शहरात हाच प्रकार पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींचा. चाळ पाडली, कुटुंबं भाड्यानं विखुरली, आणि बीएलओला (यादी भागाचा सरकारी कर्मचारी) जागेवर पत्र्याचं कुंपण दिसतं. तिथे सोसायटीच्या सचिवाकडचा सभासदांचा तक्ता सर्वात उपयोगी पडतो.

सापडला नाही, अशा नावासाठी तीन फेऱ्या: एक सकाळी, एक संध्याकाळी, एक रविवारी. तिन्ही तारखा लिहा. तीनदा गेल्याची नोंद नसेल तर ‘सापडला नाही’ या शब्दाला कार्यालयात काहीच वजन नाही.

आता या खुणांचं करायचं काय? नमुना ६ नव्या नावासाठी. नमुना ८ पत्ता बदलण्यासाठी, चूक दुरुस्तीसाठी, ओळखपत्र बदलून घेण्यासाठी आणि दिव्यांग नोंदीसाठी. नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी. पहिले दोन मनापासून भरून घ्या, पण अर्ज त्या माणसाचा, सही त्याचीच. संस्थेनं गठ्ठ्यानं आणलेले अर्ज स्वीकारले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. नमुना ७ ला मात्र हात लावताना शंभरदा विचार करा. मयताचं नाव काढायचं असेल तर घरच्यांनी मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज करावा. तुम्ही फक्त कोरा नमुना द्या आणि कसा भरायचा ते सांगा. यादीतल्या घोषणेत खोटं लिहिलं तर त्याच १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि चुकून एका जिवंत माणसाचं नाव तुमच्या सहीनं उडालं की त्या वस्तीत गटाला पुन्हा कुणी उभं करणार नाही. नाव वगळण्याची मोहीम स्वयंसेवकांनी कधीच चालवू नये, हे माझं ठाम मत आहे. तुमचा जोर गाळलेल्या नावांवर हवा.

त्यासाठी एक सोपी गोष्ट दर आठवड्याला करा. आलेल्या अर्जांच्या याद्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याला प्रसिद्ध कराव्या लागतात: नमुना ९ मध्ये नव्या नावांचे अर्ज, नमुना १० मध्ये नावांवरच्या हरकती, नमुना ११ मध्ये दुरुस्त्या. नमुना १० नियमित वाचणारे लोक फारच थोडे. एकाच माणसाच्या नावानं एका आठवड्यात तीस-चाळीस हरकती दिसल्या, किंवा सगळ्या हरकती एकाच वस्तीवर दिसल्या, तर त्याच दिवशी त्या घरांत जा. ज्याच्या नावावर हरकत आहे त्याला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी मिळालीच पाहिजे. सुनावणीला तो हजर राहिला तर बहुतेक हरकती तिथेच गळून पडतात. हरकत घेणाऱ्याचीही गाठ घ्या, कधी कधी त्याला आपल्या नावानं अर्ज गेल्याचा पत्ताही नसतो.

निकाल विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील, आणि तिथल्या आदेशापासून ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. मुदत आदेशापासून मोजतात, म्हणून आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा. निवडणूक जाहीर झाल्यावर जाग आली तर उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या किमान दहा दिवस आधी अर्ज आत गेला पाहिजे. त्यानंतर दिलेला अर्ज त्या निवडणुकीपुरता मेला.

वगळलेल्यांची यादीही कारणासह मागा, त्या मागणीला आता पक्का पाया आहे. बिहारच्या २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात (यादीच्या घरोघर नव्यानं तपासणीत) प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२५ ला ती नावं कारणांसह जाहीर करायला लावली. तुमच्या तहसीलमध्ये पत्र देताना या आदेशाचा उल्लेख जरूर करा. ग्रामीण भागात चावडी वाचनाचाही आग्रह धरा. ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचली की अर्ध्या तासात जेवढे मयत, दुबार आणि चुकीची नावं निघतात तेवढी महिनाभर फिरून निघत नाहीत.

घाईच्या निष्कर्षांपासून सावध राहा. एका घर क्रमांकावर शंभर नावं म्हणजे लगेच बोगस मतदार नव्हेत. झोपडपट्टीत घरांना क्रमांकच नसतात, वसतिगृहाला एकच असतो. ‘०’ किंवा नुसती आडवी रेघ असलेले घर क्रमांक हजारोंनी सापडतील. दोन राज्यांतल्या दोन माणसांना एकच ओळखपत्र क्रमांक गेल्याची उदाहरणं आयोगानं २०२५ मध्ये मान्य केली आहेत. ती क्रमांक देण्यातली चूक आहे, माणसं खरी असतात. एकाच माणसाच्या नावावर दोन ओळखपत्रं हा वेगळा प्रकार, आणि तोही बऱ्याचदा पत्ता बदलताना नमुना ८ ऐवजी नमुना ६ भरल्यानं झालेला असतो. तुम्ही जाहीरपणे आकडा बोललात आणि त्यातली दहा माणसं उभी राहून ‘आम्ही आहोत की’ म्हणाली, तर उरलेल्या खऱ्या नव्वद चुकाही कुणी ऐकणार नाही. आणि फोटोसह यादीची पानं व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. लोकांचे पत्ते, वयं, चेहरे त्यात आहेत.

आता पैसा. कायदा काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे आधी नीट समजून घ्या. महाराष्ट्रात उमेदवाराला लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख ही मर्यादा जानेवारी २०२२ पासून आहे. ती उमेदवाराला आहे, पक्षाला कसलीच मर्यादा नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच नावे धरावा. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून तो निकाल निष्प्रभ केला गेला. २००३ च्या बदलानं सूट थोडी आवळली, पण स्टार प्रचारकांचा, म्हणजे पक्षानं आयोगाला नावं कळवलेल्या नेत्यांचा, प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार अजून बाहेरच आहे. शिवाय मोजणी उमेदवारी अर्जाच्या दिवसापासून निकालापर्यंतची. त्याआधीचे मेळावे, साड्या, देवदर्शनाच्या सहली त्यात येत नाहीत. आधी छापून ठेवलेलं साहित्य नंतर वापरलं तर मात्र ते धरलं जातं. म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात कुठे काय आणून ठेवलं आहे याची नोंद फार मोलाची.

पहिला कागद मिळवायचा तो दरसूचीचा. जिल्हा निवडणूक अधिकारी निवडणुकीआधी पक्षांशी बोलून खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, गाडी, फलक, चहा, नाश्ता यांचे दर ठरवतात आणि हिशेब त्याच दरांनी तपासला जातो. ही यादी हातात नसेल तर तुमची सगळी निरीक्षणं नुसत्या गप्पा ठरतात.

सभा मोजायची कशी ते जवळून पाहू. सभा सुरू होण्याच्या तासभर आधी दोघे जातात. एक जण खुर्च्यांच्या रांगा मोजतो, दुसरा एका रांगेतल्या खुर्च्या. चाळीस खुर्च्यांच्या पन्नास रांगा, म्हणजे दोन हजार. खुर्चीला दरसूचीत समजा १० रुपये असतील तर २० हजार. मंडप पावलांनी मोजा, आपलं पाऊल किती फुटांचं ते घरी टेपनं मोजून ठेवलेलं असावं. साठ बाय शंभर म्हणजे सहा हजार चौरस फूट, समजा ८ रुपये दर, झाले ४८ हजार. मग पडदे किती आणि केवढे, कर्णे किती, जनित्र आहे का, बसगाड्या आणि जीपगाड्यांचे क्रमांक. गाडीच्या काचेवर परवानगीची मूळ प्रत लावलेली असली पाहिजे. नसेल तर तेही लिहा. हे सगळं एका पानावर, वर तारीख, वेळ, जागा आणि मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. लोक आल्यावर मोजायला जाल तर काही हाती लागत नाही, शिवाय धक्काबुक्की होण्याचा धोका.

यातला सर्वात महत्त्वाचा फोटो मंचाचा. पक्षाची सभा आहे, उमेदवाराची नाही, असं हिशेबात दाखवून खर्च पक्षावर ढकलणं ही सर्रास पळवाट. पण स्टार प्रचारकासोबत उमेदवार मंचावर बसला, किंवा त्याचा फोटो, त्याच्या नावाचा फलक सभेत दिसला, तर प्रवास सोडून सभेचा खर्च उमेदवाराच्या खात्यात येतो. एकाहून जास्त उमेदवार असतील तर त्यांच्यात वाटला जातो. म्हणून मंचाचा असा एक फोटो घ्या, ज्यात बसलेली माणसं आणि मागचा फलक दोन्ही स्पष्ट वाचता येतात. फक्त नेत्याच्या चेहऱ्याचा फोटो याबाबतीत निरुपयोगी.

प्रचाराच्या काळात ही पानं आयोगानं नेमलेल्या खर्च निरीक्षकांकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचली पाहिजेत. त्यांच्याकडे प्रत्येक उमेदवाराची एक समांतर नोंदवही असते. व्हिडिओ पथकानं टिपलेलं त्यात चढतं, आणि उमेदवाराला आपली वही प्रचारात किमान तीनदा तपासायला आणावी लागते. तफावत दिसली की नोटीस निघते. तुमचं पान त्या तपासणीआधी पोचलं तर उपयोग, नंतर पोचलं तर नुसतं दफ्तरी दाखल. रोख रक्कम, दारू, वस्तू वाटल्या जात असतील तर आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अॅपवर जागेवरूनच फोटो किंवा व्हिडिओ टाका. १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. तो आधी काढून नंतर घरून टाकता येत नाही, कारण अॅप जागा आणि वेळ स्वतः नोंदवतं. पैसे वाटणाऱ्याला अडवायला जाऊ नका. ते काम भरारी पथकाचं आहे, तुमचं नाही.

समाजमाध्यमांवरचा प्रचार घरी बसून मोजता येतो. मेटा आणि गूगल राजकीय जाहिरातींचं जाहीर संग्रहालय ठेवतात, जाहिरात कुणी दिली आणि अंदाजे किती पैसे लागले ते त्यात दिसतं. उमेदवाराला आपली अधिकृत खाती शपथपत्रात सांगावी लागतात. पण खरा पैसा ‘अमुक समर्थक मंच’ अशा नावांच्या पानांवरून वाहतो. दर दोन दिवसांनी त्या पानांचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा, कारण ही पानं निकालाच्या रात्री गायब होतात.

निकालानंतर तीस दिवसांत उमेदवारानं हिशेब द्यायचा. जिल्हा निवडणूक अधिकारी तो आल्याची सूचना फलकावर लावतात, आणि निवडणूक संचालन नियमांच्या नियम ८८ प्रमाणे कुणालाही एक रुपया फी भरून तो पाहता येतो. ठरलेली फी देऊन साक्षांकित प्रतही मिळते. एक रुपयाचा हा हक्क वापरणारे लोक जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. चौघे जा. एक वाचतो, एक लिहितो, एक तुमच्या पानांशी ताडून पाहतो, एक बेरीज तपासतो. वहीचे तीन भाग असतात: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोखीचा हिशेब, पिवळ्या पानांवर बँकेचा. तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. निवडणुकीसाठी वेगळं खातं उघडावं लागतं, आणि १० हजारांहून मोठी रक्कम एकाच माणसाला रोखीनं देता येत नाही. म्हणून एकाच मंडपवाल्याला चार दिवस नऊ-नऊ हजार रोख दिलेले दिसले तर तिथे थांबा.

या वाचनात काय शोधायचं? सगळ्यात आधी, तुम्ही स्वतः पाहिलेली सभा हिशेबात आहे का. मग संख्या: दोन हजार खुर्च्यांच्या जागी पाचशे. मग मजूर आणि कार्यकर्ते. दोनशे बूथ असलेल्या मतदारसंघात बूथवरच्या माणसांच्या जेवणाचा खर्च शून्य असेल तर तो कुणीतरी दुसऱ्यानं केला आहे. आणि शेवटी देणग्यांची बाजू, जी बहुतेक गट बघतच नाहीत. हिशेबाबद्दल आक्षेप असेल तर तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, त्यांचा अहवाल आयोगाकडे जाण्याआधी. निवडणूक याचिकेची वाट हवी असेल तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात जावं लागतं. मतदारालाही तो अधिकार आहे, पण वकिलाशिवाय आणि पक्क्या पुराव्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. हिशेब वेळेवर न देणाऱ्याला लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १० अ खाली तीन वर्षं अपात्र करता येतं, आणि हिशेब खरा आहे की नाही हे आयोग तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. २०११ साली उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराला आयोगानं पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा, खर्च लपवल्याबद्दल अपात्र ठरवलं होतं. क्वचित घडतं, पण घडतं.

शपथपत्र, म्हणजे नमुना २६, वाचताना एक शिस्त पाळा: त्याच माणसाचं आधीच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवून वाचा. पाच वर्षांचं उत्पन्न, जंगम, स्थावर, देणी, सरकारी थकबाकी. मालमत्ता वाढली म्हणजे गैरव्यवहार झालाच असं नाही, जमिनीचा भाव वाढूनही आकडा दुप्पट होतो. म्हणून जमिनीच्या गट नंबरनिहाय बघा. गुन्ह्यांच्या रकान्यात प्रलंबित प्रकरण, आरोप निश्चित झालेलं प्रकरण आणि शिक्षा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रकात तेच शब्द जसेच्या तसे लिहा, ‘गुन्हेगार’ हा शब्द वापरू नका. माहिती खोटी असल्याचा पुरावा असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे प्रतिशपथपत्र देता येतं, आणि १९५१ च्याच अधिनियमाच्या कलम १२५ अ खाली थेट सक्षम न्यायालयात तक्रारही करता येते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

तुमचा गटही कायद्याच्या कक्षेत येतो, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं. पत्रक छापलं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, नाहीतर त्याच अधिनियमाचं कलम १२७ अ लागतं. कुणाला मत द्या असं लिहून पैसे खर्च केले, तर उमेदवाराच्या परवानगीशिवाय केलेला खर्च म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली तुम्हीच अडकाल. गटातलं कुणी पक्षाचा बूथ प्रतिनिधी असेल तर ते पहिल्याच बैठकीत सांगितलं जावं, आणि त्या माणसानं खर्च पथकात काम करू नये. परदेशातून एक रुपयाही घेऊ नका, पक्ष किंवा नगरसेवकाकडून तर नाहीच. वर्गणी थोडी ठेवा, रोजकीर्द लिहा आणि दर महिन्याला फलकावर लावा. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशेब उघडा असलाच पाहिजे.

माहितीचा अधिकारही नेमका वापरा. केंद्रीय माहिती आयोगानं ३ जून २०१३ ला सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवलं, पण पक्षांनी ते पाळलं नाही. त्यामुळे पक्षाकडे अर्ज टाकण्यापेक्षा निवडणूक शाखेकडे टाका. महाराष्ट्रात अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, फी १० रुपये. ‘निवडणुकीची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज फेटाळला जातो. ‘अमुक मतदारसंघ, अमुक निवडणूक, खर्चातील तफावतीबाबत उमेदवारांना दिलेल्या नोटिसा आणि त्यांची उत्तरे’ असा अर्ज टिकतो. मतदान केंद्राच्या सीसीटीव्ही चित्रणामागे मात्र ताकद घालवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून ते सार्वजनिक तपासणीतून बाहेर काढलं गेलं आहे.

मग सुधारणेची मागणी कुणाकडे करायची? पक्षखर्चाला मर्यादा, देणगीदारांची पूर्ण नावं, प्रचाराआधीच्या खर्चाची मोजणी, हे संसदेच्या हातात आहे. आज पक्षाला २० हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव आयोगाला कळवावं लागत नाही, हे १९५१ च्या अधिनियमाचं कलम २९ क बदलल्याशिवाय सुटणार नाही. तुमच्या खासदाराला भेटताना हे एकच कलम घेऊन जा, दहा मागण्यांचं निवेदन नेऊ नका. आणि सोबत तुमच्याच मतदारसंघातल्या हिशेबाची चार पानं न्या. दिल्लीतल्या आकड्यांपेक्षा आपल्या मैदानावरच्या खुर्च्यांची संख्या त्यांना जास्त अस्वस्थ करते.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महापालिका यांचं क्षेत्र वेगळं. तिथे राज्य निवडणूक आयोग आणि राज्याचे कायदे, म्हणून मागणी मुंबईत विधिमंडळापर्यंतच न्यावी लागते. नव्या गटानं सराव तिथे करावा असं मी सुचवेन. यादी विधानसभेचीच असते, फक्त प्रभागनिहाय फोडलेली. त्या टप्प्यावर नवं नाव घालता येत नाही, पण घर एका प्रभागात आणि नाव दुसऱ्यात गेलं असेल तर हरकत घेता येते. नकाशा आणि यादी शेजारी ठेवून सीमेवरच्या गल्ल्या तपासा, चुका तिथेच साचतात. ग्रामपंचायतीच्या उमेदवारानंही निकालापासून तीस दिवसांत हिशेब द्यायचा असतो. तो न देणाऱ्याला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र करता येतं, आणि हरलेल्या उमेदवारांना हे बहुधा माहीतच नसतं. पुढच्या निवडणुकीत त्यांचा अर्ज बाद होतो तेव्हा कळतं. निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात गावात जाऊन प्रत्येक उमेदवाराला, जिंकलेल्या आणि हरलेल्या दोघांनाही, हिशेबाचा नमुना आणि मुदतीची तारीख देऊन या. चार लोकांचं एका दुपारचं काम आहे.

कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. प्रती भागवार धारिकेत लावा, एका माणसाच्या घरी नव्हे तर दोघांच्या घरी. पुढच्या अर्हता तारखेपर्यंत पहिल्या भागाची घरोघर फेरी पूर्ण करायची, असं पहिल्या बैठकीत ठरवा आणि जोड्यांना पानं वाटूनच उठा.